ढोल वाजतो, कंबर बोलते
मैत्रिणींनो, पावसाळा लागला की आमच्या शनिवार पेठेत संध्याकाळी ढोलांच्या सरावाचा आवाज घुमू लागतो. पेठेतल्या रमणबागेचं पथक तर प्रसिद्धच! हल्ली पथकांतून मुलीही हौसेने वाजवतात. पण ‘कंबर दुखते’ म्हटलं तर आई पथक सोडायला लावील, म्हणून पोरी गप्प बसतात.

पुढचं ओझं तोलायला त्या पोट काढून मागे वाकतात. दुखणं तिथेच सुरू होतं. ढोल पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर घट्ट बांधावा, खाली जाड दुपट्ट्याची घडी घ्यावी. गुडघे किंचित सैल ठेवावेत, मधूनमधून ढोल उतरवावा. पायाला मुंग्या आल्या तर मात्र तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि लगेच ढोल बंद करू नका हं! आधी लेकीला बोलतं करा.