चूर्ण म्हणजे औषध नव्हे काय?

गेल्या कार्तिकांत पहांटे स्नानास निघालेल्या आमच्या वहिनी गंगाखेडच्या घाटावर पायरी चुकून पडल्या. वय सत्तरीपुढचें, दैव बरें म्हणूनच हाड वांचलें. थोरल्या बंधूंच्या पश्चात् त्यांस रात्रीं धास्ती वाटे व झोंप येत नसे, म्हणून डॉक्टरांनीं गोळी दिली होती. "आणखी कांहीं घेतां काय?" असें डॉक्टरांनीं विचारतांच वहिनी म्हणाल्या, "औषध नाहीं हो. दुधांतून अश्वगंधेचें चूर्ण तेवढें घेतें." तें चूर्ण आणून देणारे आम्हीच!

जिच्या मुळास अश्वासारखा गंध येतो ती अश्वगंधा, ही व्युत्पत्ति आम्ही वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. पण तिच्या शास्त्रीय नांवांतील 'सोम्निफेरा' या लॅटिन पदाचा अर्थ 'निद्रा आणणारी' असा आहे, याचा विचार कधीं केला नाहीं. मेंदूंतील पेशींवर 'ग्राही' नांवाचीं जणूं कुलुपें असतात. 'गाबा' हें द्रव्य त्यांपैकीं एकास किल्लीप्रमाणें लागलें कीं पेशींची खळबळ शमते. झोंपेच्या व चिंतेवरील पुष्कळ गोळ्या याच ग्राहीवर गाबाचें कार्य वाढवितात. आणि अश्वगंधेच्या मुळाचा अर्कही त्याच ग्राहीवर परिणाम करतो, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. कांहीं लहान चाचण्यांत रोग्यांची चिंता कमी झाल्याचेंही आढळलें. म्हणजे वनस्पतींत गुण आहे; आणि गुण आहे म्हणूनच जपलें पाहिजे. गोळी व चूर्ण एकत्र घेतल्यास गुंगी वाढूं शकते. क्वचित् यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

सर्पगंधेचा इतिहास हेंच सांगतो. १९४९ सालीं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिचा गुण प्रसिद्ध केला. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पीन वेगळें काढण्यांत आलें. तें मज्जातंतूंच्या टोकांशीं सांठलेलीं निरोप्या द्रव्यें रितीं करतें. त्यानें रक्तदाब उतरला, क्षुब्ध मनेंही शांत झालीं. परंतु कांहीं रोग्यांस खिन्नतेनें ग्रासल्याचेंही नमूद झालें.

तेव्हां गृहिणींस आमची विनंती एवढीच : डॉक्टर वा वैद्य विचारतील तेव्हां गोळीबरोबर चूर्ण, काढा, आसव हेंही सांगावें, आणि चालूं गोळी आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नये.

डॉक्टरांनीं चूर्ण थांबविलें. वहिनींची सकाळची गुंगी गेली. धास्ती मात्र अजून अधूनमधून येते. त्या रात्रीं आम्ही ओसरीवर त्यांच्यापाशीं घटकाभर बसतों, आणि बंधूंच्या आठवणी निघतात.