घरभाड्याचं गणित

गणपतीत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाला आपण सलाम ठोकतो, पण तो झोपायला कुठे जातो हे कोणी विचारत नाही. मित्रांनो, थोडं गणित करू. सातव्या वेतन आयोगात नव्या शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपये. मुंबईसाठी घरभाडे भत्ता सुरू झाला २४ टक्क्यांनी, म्हणजे सव्वापाच-साडेपाच हजार. एवढ्यात दादरला खोली? विसरा! मग बदलापूर नाहीतर विरार. सरकारी क्वार्टर मिळालं तर भत्ता बंद, आणि पावसाळ्यात गळतीखाली पातेली मांडायची. (माझा रूममेट पोलीस लाइनीत वाढलाय, हे त्याचं ज्ञान.)

खरी मेख पुढे आहे. महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या वर गेला की घरभाड्याचे २४ चे २७ टक्के होतात. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने तो १७ वरच गोठवला, थेट जुलै २०२१ पर्यंत. राज्यानेही वाढ रोखली. घरभाडे भत्त्याला कोणी हातसुद्धा लावला नाही, तरी तो जागच्या जागी थांबला. घरमालकाला असले जीआर लागू होत नाहीत.

तिजोरी रिकामी होती, मान्य. पण लॉकडाऊनमध्ये नाक्यावर उभा असलेला आणि घरी बसलेला, दोघांना एकच कात्री? रात्री दोनला बोलावणं आलं की ज्याला हजर व्हावंच लागतं, त्याचं घर ठाण्याजवळ हवं. काठी-शिट्टीइतकीच ती कामाची गरज. म्हणून माझं मत: पोलिसांचा भत्ता महागाई भत्त्यापासून सोडवा आणि ठाण्याच्या हद्दीतल्या चालू भाड्यावर ठरवा.