मोहाखालचा वणवा

जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर मोह फुलतो, तोही रात्री. मांसल, गोड पाकळ्यांसाठी वटवाघळं येतात आणि जाता जाता परागीभवन उरकतात. पुढे फळं पिकली की ती तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात, गर खातात, बी खाली टाकतात. ना खड्डे, ना टेंडर! तरीही फळं खाणारी वटवाघळं २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत वन्यजीव कायद्यात उंदरांच्या पंगतीला, 'उपद्रवी' म्हणून बसवलेली होती. कायदा सुधारला, पण मोहाखाली आग लावायची सवय जुनीच. फुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. त्यात वटवाघळांनी टाकलेल्या बियांतून उगवलेली मोहाची रोपं जातात, किडे जातात, पाखरांचा घासही जातो. फुलं वेचणाऱ्या वारली-कातकरी घरांना बोल लावण्याआधी वनखात्याने फुलं झेलायला मोहाखाली बांधायच्या जाळ्या द्याव्यात. छत्तीसगडमध्ये हे झालं आहे.