पंचवीस की बावन्न?

पहिली-दुसरीतल्या मुलांना गणिताची शिकवणी लावावी का, असं बरेच पालक विचारतात. लावा, पण आपल्या भागात त्याआधी एक पाहायला हवं. मूल मोजतं कोणत्या भाषेत?

मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, वीस नंतर. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', म्हणजे आधी वीस, मग पाच. आकडे लिहितोही त्याच क्रमाने. घरी आजीकडून मराठी आकडे आणि शिकवणीत कन्नड, अशा मुलाने पंचवीस ऐकून ५२ लिहिले, तर लगेच 'गणितात कच्चा' म्हणू नका. ऐकलं तसंच त्याने लिहिलंय. एकोणतीस तर त्याहून अवघड. शब्दात तीस, आकड्यात मात्र तीन कुठेच नाही! कन्नडचं 'इप्पत्तोंबत्तु' सरळ वीस आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. जुने शब्द टिकावेत असंच मलाही वाटतं, पण मुलांची अडचण खोटी नव्हती.

शिकवणीच्या बाईंना सांगा, पाढ्यांची घाई नको. खराट्याच्या काड्या घेऊन दहा-दहांच्या जुड्या बांधाव्यात. दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून मुलाकडून दोन्ही भाषांत म्हणवून घ्यावं, मगच लिहायला लावावं. घरी दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणीही चालतात. रोज दहा मिनिटं पुरेत. सुट्या काड्या दहा झाल्या की रबर लावायचं काम मात्र मुलालाच करू द्या.