दोन दिवसांची टोपली

शनिवार-रविवारच्या बांबूविणकाम कार्यशाळांना शहरी हौस म्हणून उडवून लावणे सोपे आहे. दोन दिवसांत कोणी बुरूड होत नाही, हे खरेच. पण ओला बांबू चिरून एकसारख्या जाडीच्या कामट्या काढताना बोटे सोलली, की सुपाच्या किमतीवर घासाघीस करणारी जीभ अडखळते. कार्यशाळेचे मोल तिथे आहे. सूप पाखडायला, रोवळी तांदूळ धुवायला, परडी फुलांना. प्रत्येकीची वीण तिच्या कामाने ठरवलेली. हे ज्ञान हाताला कळते, तेव्हाच डोळ्याला दिसते.

प्लॅस्टिक स्वस्त आहे, मग हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. ही स्पर्धा मुळात सरळ नव्हती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत असलेला बांबू १९२७च्या वन कायद्यात झाडांत गणला गेला, आणि त्याच्या वाहतुकीवर परवान्याचे बंधन आले. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका व्हायला २०१७ उजाडले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबू-वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला तो २०११मध्ये. प्लॅस्टिकच्या टोपलीला असा परवाना कधी लागला नाही. या असमान स्पर्धेची झळ बुरुडाला बसली. म्हणून कार्यशाळांच्या आयोजकांकडे मागणी एकच: शिकवायला बुरूड कारागीरच हवा, गुरू म्हणून, आणि शुल्कातला मोठा वाटा त्याच्याच हाती पडायला हवा.