हजेरी सावरीची

आपल्या फोटोग्राफी क्लबने यंदा निसर्गातल्या बदलांची फोटो-मालिका करायचं ठरवलंय. नोटीस बोर्डावर तुम्ही वाचलंच असेल. एकाच गोष्टीचे ठरावीक अंतराने फोटो काढायचे, ओळीने लावायचे आणि बघणाऱ्याला बदल दिसला पाहिजे. कल्पना झकास आहे. पण नोटिशीत खाली लिहिलंय : सुरुवात दिवाळीनंतर, प्रदर्शन गॅदरिंगला, विषय ज्याला जो आवडेल तो. म्हणजे तीन महिने आणि तीस जणांचे तीस विषय. इथंच माझं क्लबशी जमत नाही.

मालिका म्हणजे अल्बम नव्हे. तिच्यामागे एखादा प्रश्न हवा. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने पळत्या घोड्याच्या वाटेवर ओळीने 12 कॅमेरे लावले आणि आडव्या ताणलेल्या तारांनी ते उडवले, ते काय हौस म्हणून? घोडा भरधाव असताना त्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, हा वाद होता. उत्तर मिळालं : सुटतात. आणि चित्रकार रंगवत तसे पाय पुढे-मागे ताणलेले असताना नाही, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. डोळ्याला जे वेगामुळे दिसत नव्हतं ते मालिकेने दाखवलं.

आपल्याला उलटं करायचंय. जे फार सावकाश होतं म्हणून दिसत नाही ते दाखवायचंय. त्यासाठी परदेशात जायला नको. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ महिनाभराहून जास्त काळ फिल्मवर टिपली. त्या फिल्मच्या जोरावर भांडवल देणाऱ्याचं मन वळलं. रोज एक फ्रेम घेतली असं सांगितलं जातं. पण आपण इंजिनीअर आहोत, हिशेब करा. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण 16 फ्रेम्स, म्हणजे तीस फ्रेम्सचा सिनेमा दोन सेकंदांतच संपला! तेवढ्यावर कोण पैसे देईल? माझ्या मते त्यांनी दिवसातून बऱ्याच फ्रेम्स घेतल्या असणार. वाटाणा बाजूला ठेवा, त्या माणसाचा रोजचा नेम बघा.

माझा प्रस्ताव साधा आहे. सगळ्या क्लबने मिळून एकच झाड घ्यायचं : मेसच्या मागची काटेसावर. दिवाळीनंतर तिची पानं गळायला लागतात. जानेवारीत नुसत्या काड्यांवर काळपट कळ्या आणि पुढे ती तांबडी, मांसल, वाटीएवढी फुलं. साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी असा सगळा गोतावळा तिथं जेवायला येतो (मेसपेक्षा तिथं गर्दी जास्त, आणि तक्रार शून्य). गॅदरिंगपर्यंतचा प्रोजेक्ट बरोबर इथं, फुलांवर संपेल. टाळ्या मिळतील. पण झाडाची खरी कमाई त्यानंतर आहे. बोंडं धरतात, एप्रिल-मेमध्ये तडकतात, कापूस बिया घेऊन उडतो आणि नवी पालवी येते. त्या वेळी आपण पी.एल., ओरल्स नाहीतर गावच्या एस.टी.त. चार वर्षं या झाडाखाली गाड्या लावूनही आपल्यातल्या कित्येकांनी त्याचं बोंड फुटताना पाहिलेलं नाही. 'कापूस गाडीवर पडतो, फांद्या तोडा' असा अर्ज मात्र दरवर्षी जातो.

आता प्रश्न. आपले वॉचमन काका म्हणतात, हॅलोजनच्या बाजूच्या फांद्या पानं उशिरा गाळतात. आपण हसतो. हसण्यासारखं काही नाही. रस्त्यावरच्या दिव्यांजवळची झाडं पानं जास्त दिवस धरून ठेवतात, अशी निरीक्षणं परदेशात नोंदली गेली आहेत. आपल्या सावरीचं काय? दोन्ही बाजू एका फ्रेममध्ये घेऊन वर्षभर फोटो काढले तर काका बरोबर की आपण, ते कळेल. मला विचाराल तर पैज काकांवर.

तंत्राचं अवघड काही नाही, पण चिकट आहे. गच्चीच्या कठड्यावर कॅमेऱ्याची जागा कायमची पक्की हवी. वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबमधून उरलेली एम.एस. प्लेट घ्या, भोक पाडा, बोल्ट लावा. फक्त एम-6 चा बोल्ट आणू नका. कॅमेऱ्याखालचा आटा पाव इंची असतो, इंचाला 20 आटे, त्यात एम-6 नीट बसत नाही. फोकल लेंग्थ, अॅपर्चर आणि व्हाइट बॅलन्स एकदा ठरवले की वर्षभर हलवायचे नाहीत. फोनने काढलेत तर त्याची सगळी सजावट आधी बंद करा. हल्लीचे फोन आभाळ स्वतःच निळं करून देतात, मग जुलै कुठला आणि फेब्रुवारी कुठला? वेळ घड्याळाची नको, सूर्योदयानंतर एक तासाची धरा. जून आणि जानेवारीच्या सूर्योदयात आपल्याकडे तासाहून जास्त फरक पडतो. साडेसातचा फोटो ठरवलात तर दोन्हींतला उजेड जुळणार नाही. सूर्योदयाची वेळ मेसच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मिळेल.

राहता राहिली सुट्टी. वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे दोन महिने आपण इथं नसतो, आणि जे असतात त्यांचं नाव नोटिशीत नाही. वॉचमन काका असतात, माळीमामा असतात, मेसच्या मावशी असतात. बटण दाबणं त्यांना जमेल का, असं मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं. अरे, कळी कधी आली हे आपल्याला तेच सांगतात! त्यांना प्रोजेक्टमध्ये घ्यायचं तर रीतसर घ्या. प्रत्येक फोटोखाली ज्याने काढला त्याचं नाव, मग तो फायनल इयरचा असो की माळीमामा.

आणि शेवटी सिनेमा करू नका. 365 फोटो सेकंदाला 24 ने पळवले तर पंधरा सेकंदांत वर्ष संपतं. त्यापेक्षा आठवड्याला एक असे 52 प्रिंट निवडा. सहा इंच रुंदीचे धरले तर 26 फूट होतात. मेसच्या पॅसेजची भिंत पुरते. ताट घेऊन रांगेत उभं असताना माणूस जूनपासून मेपर्यंत चालत जाईल. एखाद्या आठवड्यात फोटो चुकलाच तर मागचा-पुढचा चिकटवायचा नाही, तिथं कोरी चौकट ठेवायची. सबमिशनला रीडिंग्ज कशी 'येतात' ते मी इथं लिहीत नाही.

असो. गच्चीची किल्ली रेक्टर सरांकडे असते. ती दुसरी करून वॉचमन काकांच्या केबिनमध्ये ठेवायची परवानगी मिळाली, तर बोल्टचं मी बघतो.