मागील बाकी तपासून मत द्या

निवडणूक ग्रामपंचायतीची असो, महानगरपालिकेची असो की लोकसभेची, प्रचार सुरू झाला की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाद हमखास उभा राहतो. उमेदवाराच्या जुन्या भानगडींचा विषय कोणी काढला की त्याचे कार्यकर्ते म्हणतात, "झाले ते झाले, मागचे कशाला उकरून काढता? आज कामाला येतो ना?" दुसरा गट म्हणतो, "ज्याने एकदा खाल्ले तो पुन्हा खाणारच, त्याला दारात उभे करू नका." आवाज दोघांचाही मोठा असतो, पण विचार कोणी करीत नाही. बौद्ध म्हणवून घेणाऱ्या समाजाने तरी या प्रश्नाचा शांतपणे निकाल लावावा, असे आम्हांस वाटते.

हिशेबाच्या वहीत मागील वर्षाची बाकी नव्या वर्षाच्या पहिल्या ओळीत लिहावी लागते. ती गाळून कोणी कोरी वही पुढे केली तर ती वही खोटी ठरते. मात्र मागील बाकी म्हणजे संपूर्ण वही नव्हे. पुढच्या व्यवहाराने ती फिटू शकते किंवा वाढूही शकते. माणसाच्या कर्माचेही तसेच आहे.

अंगुलिमालाची कथा आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेच्या भागात बाबासाहेबांनी ती घेतली आहे. निवडणुकीच्या दिवसांत मात्र ती अर्धीच सांगितली जाते. "तथागतांनी अंगुलिमालालाही क्षमा केली, मग आमच्या साहेबांना का नको?" असे भाषणात ठोकून दिले जाते. उरलेली अर्धी कथा अशी आहे की, भिक्षू झाल्यावर अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा त्याच्यावर दगड पडले, डोके फुटले, भिक्षापात्र मोडले. रक्ताने माखलेला तो परत आला तेव्हा तथागतांनी लोकांना दोष दिला नाही. हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, ते सहन कर, असे त्यालाच सांगितले, आणि त्याने ते सहन केले. त्याने ना मिरवणूक काढली, ना आपल्याविरुद्ध षड्यंत्र असल्याची ओरड केली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट विनयपिटकाच्या महावग्गात आहे. अशा दरोडेखोराला संघात घेतल्याबद्दल लोकांनी उघड नापसंती व्यक्त केली. तथागतांनी अंगुलिमालाला संघाबाहेर काढले नाही, पण यापुढे कुख्यात चोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम घालून दिला. याचा अर्थ आम्ही असा घेतो की, पश्चात्ताप झालेल्या माणसाविषयी करुणा असावी, परंतु ज्या संस्थेवर लोकांचा विश्वास आहे तिचे दार उघडताना लोकांच्या मनाचाही विचार व्हावा. आणि हेही विसरू नये की अंगुलिमालाला चीवर आणि भिक्षापात्र मिळाले, राजा प्रसेनजिताच्या खजिन्याची किल्ली मिळाली नाही. विहारात यायला कोणालाही मज्जाव नसावा. पण नगरपालिकेचा पैसा, रेशनची तक्रार, झोपडपट्टीचे पुनर्वसन, पोरांच्या शिष्यवृत्तीचा पाठपुरावा ज्याच्या हाती द्यायचा त्याची चौकशी करणे म्हणजे क्षमा नाकारणे नव्हे.

आपल्या काळातील एक उदाहरण घेऊ. फुलनदेवी या उत्तर प्रदेशातील मल्लाह समाजात, गरिबीत जन्मल्या. कोवळ्या वयात लग्न लावून दिले गेले, पुढे त्या चंबळच्या टोळीत सापडल्या, आणि बेहमई गावात ठाकूर टोळीने त्यांच्यावर सामूहिक अत्याचार केले. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी त्याच गावात २० पुरुषांना गोळ्या घालून मारण्यात आले व मुख्य आरोप फुलनदेवींवर आला. तो आरोप त्यांनी नाकारला. फेब्रुवारी १९८३ मध्ये मध्य प्रदेशातील भिंड येथे त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर त्या ११ वर्षे तुरुंगात राहिल्या, पण खटला काही चालला नाही. उत्तर प्रदेश सरकारने खटले मागे घेण्याचे ठरवले आणि १९९४ साली त्या बाहेर आल्या. १९९५ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी धम्म स्वीकारला. १९९६ साली आणि पुन्हा १९९९ साली मिर्झापूरच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठवले. २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत त्यांच्या घराबाहेर त्यांची हत्या झाली.

त्या वेळी दरोडेखोर बाई खासदार झाली म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते. त्यांच्यापैकी कितीजणांनी बेहमईत त्या बाईवर आधी काय झाले ते विचारले? मिर्झापूरच्या मतदारांनी चूक केली असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्यापासून काही लपवलेले नव्हते. शस्त्र टाकलेले होते, ११ वर्षे तुरुंगात गेली होती आणि सर्व बाकी डोळ्यांसमोर मांडून त्यांनी मत दिले. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. बेहमईच्या विधवांना न्यायालयाचा निकाल मिळायला ४३ वर्षे लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला तेव्हा हयात राहिलेल्या एका आरोपीला जन्मठेप झाली. बहुतेक आरोपी त्यापूर्वीच मरून गेले होते. फुलनदेवींवर अत्याचार झाले त्याचा न्याय झाला नाही, आणि बेहमईचाही वेळेवर झाला नाही. खटला चालवून खरे-खोटे करण्याऐवजी सरकारने तो मागे घेण्याची वाट धरली, ती चुकीची होती. मतपेटीने माणूस निवडून येतो, पण मतपेटी म्हणजे न्यायालय नव्हे. निवडून आला म्हणजे निर्दोष ठरला, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे.

आता 'गुन्हा' या शब्दाविषयी थोडे बोलू. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारधी बांधवांकडे पोलीस आजही कोणत्या नजरेने पाहतात हे वस्तीत राहणाऱ्यांना सांगायला नको. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात, नामांतराच्या लढ्यात आपली माणसे तुरुंगात गेली. भीमा कोरेगावनंतर जानेवारी २०१८ मध्ये किती तरी तरुणांवर गुन्हे दाखल झाले. समाजासाठी रस्त्यावर उतरल्याने अंगावर आलेली केस आणि गायरान हडप केल्याची, खंडणीची किंवा बाईची छेड काढल्याची केस एका तराजूत तोलता येत नाही. नुसता आकडा पाहून "याच्यावर पाच केसेस आहेत" असे म्हणणे अन्यायाचे आहे. कलम कोणते, फिर्याद कोणाची, खटला कुठवर आला, हे वाचले पाहिजे.

हे वाचण्याची सोय कायद्याने झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागते. १० जुलै २०१३ च्या निकालानंतर दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराचे पद तत्काळ जाते. अपील केले म्हणून खुर्ची राखण्याची जुनी सवलत उरलेली नाही. १३ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने पक्षांनाही बजावले की, खटले असलेला उमेदवार का निवडला याची कारणे जाहीर करा, आणि 'निवडून येण्याची क्षमता' एवढेच कारण सांगू नका. आणखी एक तरतूद आपल्या सर्वांना पाठ असावी. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ खाली, म्हणजे अस्पृश्यता पाळल्याबद्दल, दोषी ठरलेला माणूस केवळ दंड झाला असला तरी सहा वर्षे निवडणूक लढवू शकत नाही. माणसाला माणूस न मानणारा लोकांचा प्रतिनिधी होऊ शकत नाही, हे तत्त्व लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे.

तरीही घडते काय? असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने प्रतिज्ञापत्रे तपासली. त्यानुसार खटले असलेले लोकसभा सदस्य २००९ साली १६२, २०१४ साली १८५, २०१९ साली २३३ आणि २०२४ साली २५१ होते. एकूण सदस्य ५४३. यातले काही खटले आंदोलनांचे असतील, काही खोटेही असतील. पण माहिती जाहीर होऊ लागल्यावर आकडा उतरायचा तो चढतच गेला, याचा अर्थ लोक कागद वाचत नाहीत किंवा वाचून सोडून देतात. यात आपणही आलो. दुसऱ्या जातीच्या उमेदवाराची कुंडली आपण तोंडपाठ म्हणतो, आणि आपला उमेदवार असला की "समाजाचा माणूस आहे, सांभाळून घ्या" म्हणतो. आपला तो बाब्या, लोकांचं ते कार्टं! राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता, आणि तो आपल्यालाही लागू आहे.

शिवाय सर्वच बाकी प्रतिज्ञापत्रात येत नाही. विहाराच्या बांधकामासाठी जमलेल्या वर्गणीचा हिशेब दिला नाही, जयंतीच्या पावत्या गहाळ झाल्या, दारूच्या गुत्त्याला आतून पाठबळ दिले, मतांची घाऊक विक्री केली, घरात बायकोवर हात उचलला. या गोष्टींची केस होत नाही, पण वस्तीला त्या माहीत असतात आणि सर्वांत आधी आपल्या माताभगिनींना माहीत असतात. नळावर, रेशनच्या रांगेत त्या जे बोलतात ते पुरुषांच्या सभेत कधी येत नाही. आमची सूचना अशी की, मत कोणाला द्यायचे हे घरात बसून बायकोला, आईला, शिकलेल्या मुलीला विचारून ठरवावे. पंचशील रोज म्हणतो, तर उमेदवारालाही तीच मोजपट्टी लावावी.

यासाठी नवी पद्धत शोधायची गरज नाही. भिक्षुसंघाला सभेचे कामकाज, ठराव, मतमोजणी माहीत होती, असे बाबासाहेबांनी त्याच भाषणात अभिमानाने सांगितले. त्याच संघात वर्षावास संपताना पवारणा होते. प्रत्येक भिक्षू संघापुढे हात जोडून सांगतो की, माझ्याबद्दल काही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल तर सांगा, मी सुधारीन. वयाने व अधिकाराने मोठा भिक्षूही यातून सुटत नाही. आपल्या वस्तीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, अशी पवारणा करावी. विहारासमोर सतरंजी टाकून त्याला बसवावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. तुमच्यावर कोणते खटले आहेत आणि कशाचे? ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई दिली का, त्याची माफी मागितली का? त्यानंतर आजवर तुम्ही कसे वागलात, याला साक्षीदार कोण? आणि निवडून आल्यावर दरवर्षी इथेच बसून हिशेब द्याल का?

जो शांतपणे उत्तर देईल, चूक असेल तर कबूल करील, त्याच्या मागील बाकीचा विचार मोकळ्या मनाने करावा. जो चिडेल, विचारणाऱ्याला फितूर म्हणेल किंवा रात्री पाकीट पाठवील, त्याने आपले उत्तर दिलेच आहे असे समजावे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार पक्षाला नाही, पुढाऱ्याला नाही आणि आपल्यालाही नाही. आपल्या हाती फक्त विश्वास आहे. तो एका मताएवढा असला तरी पाच वर्षांसाठी द्यायचा असतो, म्हणून वही उघडून पाहिल्याशिवाय तो कोणाच्या हवाली करू नये.

जयभीम!